नळाचं मध्यंतर

मामंजी, थेटर विकायच्या कागदावर काल माझी सही झाली. घरात सगळ्यांत शेवटी माझी. तुम्ही असतात तर तुमच्यासमोर उभं राहून हे सांगायचा धीर मला झाला नसता. दाराआडून, पदर सावरून बोलायची सवय. तेवढ्या बोलण्यात हे मावलं नसतं. आज देवघरापुढे पाट घेऊन बसलेय. हिशेबाच्या जुन्या वहीत मागे कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहितेय. नवा कागद कशाला फुकट घालवा?

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा वाटलं होतं, थेटरवाल्यांचं घर म्हणजे रोज सिनेमा. वाट्याला आला तो कामगारांचा चहा आणि तुमचा डबा. डबा घेऊन मी दुपारच्या खेळाला यायचे. तो बायकांचा खेळ. आजूबाजूच्या चाळींत पाणी दुपारचं यायचं, आणि नेमकं कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून तुमच्या दुपारच्या मध्यंतराला ठरलेली वेळच नव्हती. मागच्या दारात तुम्ही स्टूल टाकून बसलेले असता. समोरच्या चाळीतून एखादी म्हातारी ओरडते, "नळ इलो गो बायांनो!" तुम्ही मशीनच्या खोलीकडे बघून हात वर करता. वरच्या खिडकीतून ऑपरेटर डोकं काढतो.

"शेठ, हिरॉइन कड्यावर लोंबकळतेय!"

"लोंबकळू दे. इतक्यात नाही पडत ती. ह्यांची पिंपं भरू देत."

दिवे लागतात. अर्धी तिकिटं कमरेला खोचून बायका धावत सुटतात. तुमचा थोरला, म्हणजे आमचे हे, तेव्हा नुकतेच तिकीटखिडकीवर बसायला लागलेले. ते चिडून म्हणतात, "बाबा, हे थेटर आहे की पाणपोई?" तुम्ही शांतपणे, "पाणपोईला तिकीट नसतं. जा, खिडकीवर बस." मग ओल्या निऱ्यांनी बायका परत येतात, नि एक तरी विचारतेच, "मेली काय हो ती?" "तुझी वाट बघत थांबलीय," तुम्ही म्हणता, आणि पुन्हा अंधार होतो. पुढचा खेळ लांबायचा, बाहेर ताटकळलेले लोक शिव्या घालायचे. पिक्चर देणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा भांडायला आला, तर त्याला माझ्या हातची सोलकढी पाजून परत पाठवलंत.

मग ती दुपार. सासूबाई जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी तांदूळ निवडत होते आणि तुम्ही कधी नाही ते स्वयंपाकघरात आलात. उंबऱ्याशीच उभे राहिलात. "भागीदारीत तुझं नाव घालतोय," म्हणालात.

"मी मॅट्रिक. मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच. पोरांना फार कळतं. त्यांना जागेचे भाव कळतात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विकता यायचं नाही. तू द्यायची नाहीस."

मी काही बोलले नाही. खाली बघून खडे वेचत राहिले. तुम्ही ते 'हो' धरलंत. त्या काळी सुनेच्या गप्प बसण्याला होच म्हणत. पण मामंजी, मी 'हो' म्हटलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नव्हतं.

तरी इतकी वर्षं थेटर माझ्यामुळे राहिलं. गिरण्या गेल्या, गिरण्यांमागून माणसं गेली. करी रोडला टॉवर उभे राहिले. तिथे नळही दिवसभर आणि सिनेमाही घरातच. दुपारी आता डिलिव्हरीची पोरं पंख्याखाली झोपायला यायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, दमलेला जीव कुठे तरी टेकणारच. पण रिकाम्या थेटरलाही वीज लागते, छप्पर गळतं, खुर्च्यांना ढेकूण होतात. धाकटे भावजी येऊन सांगायचे, "वहिनी, बाबा गेले. तुम्ही कुणासाठी अडून बसलात?" हे मात्र कधी एका शब्दाने बोलले नाहीत. गुडघ्यांना पट्टे बांधून रोज जात राहिले.

गेल्या शुक्रवारी मी पडद्याची ओटी भरायला गेले. सासूबाईंची रीत, नवा सिनेमा लागला की नवी पाहुणी घरात आली असं धरायचं, तिला रिकामी ठेवू नये. खण, नारळ, तांदूळ ठेवले, हात जोडले आणि वळले. इतकी वर्षं ओटी भरून मी खाली मान घालून बाजूच्या पायऱ्या उतरत आले. त्या दिवशी तिथेच थांबले. समोर सगळ्या खुर्च्या. आणि शेवटच्या रांगेत हे, एकटे, मान छातीवर टाकून झोपलेले. तिकीटखिडकी उघडी टाकून. तुमचा मुलगा त्या क्षणी तुमच्यापेक्षा म्हातारा दिसला मला.

जागं करून विचारलं, "मी सही दिली नाही तर?"

"तर काय," ते म्हणाले, "बसेन खिडकीवर. बाबांनी सांगितलंय ना, बस म्हणून."

घरी येऊन देवाला कौल लावावा असं मनात आलं. फुलं हातात घेतली आणि परत तबकात ठेवली. माझं ठरलं होतं; ते देवावर ढकलायचं नव्हतं.

ही पानं मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या फोटोपुढेही वाचणार नाही. काल सही करताना भावजी म्हणाले, "वहिनी, रडू नका." सगळे तसंच धरून चालले होते, म्हणून मी पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते, मामंजी. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, तुमची क्षमा मागायची म्हणून हात जोडले, आणि तोंडून निघालं, "सुटले."