न चालवलेल्या गाड्या

मखमलाबाद, नाशिक
११ मार्च २००१

ती. सौ. साधनाताईस,
धाकट्या कुंदनचा वाकून नमस्कार. वि. वि.

आम्ही सर्व ठीक. आप्पांचा गुडघा थंडी सरल्यापासून बरा आहे. शेवंती मोडून टोमॅटो लावलाय. आई म्हणते, फोनवर ताई 'बरी आहे' एवढंच बोलते आणि पत्रात चार पानं लिहिते, तीही नुसती गाड्यांवर. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी पाचवं पान मागवतो.

काल द्वारका चौकातल्या आमच्या टायरच्या दुकानात नवी होंडा सिटी आली. व्हीटेक. चाकांची अलाइनमेंट झाली की गाडी एक फेरी मारून पाहावी लागते, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का ते कळावं म्हणून. या एका फेरीसाठीच मी ही नोकरी करतो, हे तुला ठाऊक आहे. आडगावपर्यंत नेली. दीड लिटरचं इंजिन, एकशे सहा घोड्यांची ताकद. पाच हजार आरपीएमच्या आसपास तिचा आवाज बदलतो. कसा, ते मला सांगता येत नाही. छान, एवढंच येतं मला. सोबत माहितीपत्रक पाठवतोय. वाचून तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

आप्पांचा हात मोडला होता तेव्हा चार महिने तू मॅटाडोर मार्केट यार्डात नेत होतीस आणि मी कोथिंबिरीच्या जुड्या मांडीवर घेऊन शेजारी बसायचो. हमाल काम थांबवून तुझं रिव्हर्स घेणं बघत. काल आडगावच्या रस्त्यावर तेच आठवलं.

भाऊजींना व तुझ्या सासूबाईंना नमस्कार. उत्तराला उशीर केलास तर माया कमी झाली असं समजेन.

तुझा
कुंदन


रेल्वे क्वार्टर्स, मनमाड
२ एप्रिल २००१

चि. कुंदन यास,
अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातलं अक्षर पाहता आणखी थोडे जास्तीचे.

माहितीपत्रक मिळालं. सासूबाईंना त्याचा कागद फार आवडला, डब्याच्या तळाशी घालायला मागत होत्या. मी म्हटलं, वाचून झाल्यावर देते. अजून वाचून झालेलं नाही आणि व्हायचंही नाही.

तू विचारलंस, म्हणून लिहिते. ही गाडी वजनाला हलकी आहे, तेव्हा एकशे सहा घोडे तिला भारी पडत नसणार, खेळायला मिळाल्यासारखे वाटत असणार. गावातल्या गर्दीत ती गरीब राहील. पाच हजारांच्या पुढे मात्र असं होत असेल बघ, की घर शांत आहे, सगळे पडलेत असं वाटावं आणि अचानक मागच्या खोलीत कुणी तरी मोकळ्या गळ्यानं गाऊ लागावं. आपण दचकत नाही, उठून तिकडे जातो. पाय आपोआप आणखी दाबला जातो. क्लच अर्ध्यावर धरत असेल असा माझा अंदाज आहे. बसल्या जागेवरून बॉनेट दिसतं का, ते तू लिहिलंच नाहीस.

आमच्या क्वार्टरपासून रेल्वेवरचा पूल जवळ आहे. मालेगावकडून येणाऱ्या गाड्या त्या चढावर गिअर बदलतात, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. कुणी उशिरा बदलला की माझा डावा पाय हलतो. परवा सासूबाईंनी विचारलं, पायाला काय झालं. मुंगी म्हटलं. लग्नाला आठ वर्षं होतील. आठ वर्षं ही मुंगी आहे.

ह्यांची रेल्वेच्या इंजिन शेडमधली ड्युटी नेहमीसारखी. कमी बोलतात, पण पगारी रजा घेऊन मला दवाखान्यात नेलं होतं, ते मी विसरत नाही. काळजी नको, साधा ताप होता.

मन तिकडेच ठेवून आलेली,
तुझी ताई


मनमाड
१६ जुलै २००१

कुंदन,

काल हे स्टेशनवरून नाशिकचं रविवारचं वर्तमानपत्र घेऊन आले. आतल्या पानावर नव्या गाडीवरचा लेख होता, वर तुझं नाव. मला आधी आनंद झाला, तो खरा झाला, हे तुला कळावं. मग मागच्या खोलीतलं गाणं आलं. मग बाकीचं सगळं आलं, स्वल्पविरामासकट.

ह्यांनी विचारलं, भावाचं नाव छापून आलंय तर तोंड असं का. मी त्यांना काही सांगितलं नाही.

पत्र तुला लिहिलं होतं, म्हणजे ते तुझंच. त्याचं तू काय करावंस हे सांगणारी मी कोण. पण त्यात एक वाक्य तू घातलंस, की ही गाडी मी स्वतः दूरवर चालवून पाहिली आहे आणि मगच लिहितो आहे. कुंदन, सगळ्या लेखात तेवढंच एक वाक्य माझं नव्हतं, आणि तेवढंच मला लिहायला मिळावं म्हणून मी आठ वर्षं बाकीचं लिहीत आले.

किती दिवस चाललंय हे, तेवढं कळव.

साधना


नाशिक
५ ऑगस्ट २००१

ती. ताई,
नमस्कार कोणत्या तोंडानं करू, तरी करतो.

दोन वर्षं. एकोणीस लेख. एकदा त्या वर्तमानपत्राचे संपादक टायर दाखवायला आले आणि त्यांनी सहज विचारलं, की झेन आणि एस्टीममध्ये फरक काय. मी तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं बोललो. ते बघतच राहिले. म्हणाले, हे लिहून द्या. दिलं. पहिल्यांदा वाटलं, एकदाच. मग दुकानात लोक मला विचारून गाडी घ्यायला लागले, मालक मला कुंदनराव म्हणायला लागले आणि मी तुला 'सविस्तर लिही' असं प्रत्येक पत्रात लिहायला लागलो. तुला आनंद व्हावा म्हणून विचारतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तुझं पत्र आलं त्यानंतर आठवड्याभरानं पिंपळगावचे भिमाजी शेठ दुकानात आले. द्राक्षवाले. त्यांनी लेख वाचून व्हीटेक घेतली. माझ्यासाठी बेदाण्याचा खोका आणला होता. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, की गाडी लय फिरवली, पण तुम्ही लिहिलंय ते गाणं मला ऐकू येत नाय, नेमकं कुठं ऐकायचं ते शेजारी बसून दाखवा. ताई, मी त्यांच्या शेजारी बसलो. पाच हजारांवर काटा गेला. मला आवाज ऐकू आला, गाणं नाही. मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, बेदाणे तुमचे नाहीत तर. खोका परत घेतला. दुकानाशी मला उतरवताना म्हणाले, बहिणीला भाऊबीजेला आणा, तिच्या हातात किल्ली मी देतो, गाणं आहे का नाय ते तीच सांगेल.

दुसऱ्या दिवशी संपादकांकडे गेलो. ते चिडले, आणि ते बरोबरच होतं. शेवटी म्हणाले, की पुढचा लेख बहिणीच्या नावानं येऊ दे, मग बघू.

आप्पांना सांगितलं. ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, साधनाला कळव, लायसन्स घेऊन ये म्हणावं.

येशील का, हे विचारायचा हक्क मला नाही. आप्पांच्या वतीनं विचारतो. तू रागावलीस तरी माझं नाव टाकू नकोस, इतकंच मागणं.

कुंदन


मनमाड
२२ नोव्हेंबर २००१

चि. कुंदन यास,
अनेक आशीर्वाद. ओवाळताना पुटपुटले होते तेच, पुन्हा एकदा कागदावर.

आम्ही सुखरूप पोचलो. त्या दिवशी मी तुमच्यापैकी कुणाशी धड बोलले नाही. अंजनेरीला गाडी उभी करून किल्ली भिमाजी शेठना दिली आणि येताना मागे आईजवळ बसले, तेव्हा तुम्हाला वाटलं मी घाबरले. आईनं तर दृष्ट काढली. तेव्हा सांगता येत नव्हतं ते आता लिहिते.

सातपूरच्या अलीकडे दोनदा गाडी बंद पडली, ते तू पाहिलंस. भिमाजी शेठ मागून म्हणाले, सावकाश पोरी, गाडी कुठं पळून जात नाय. क्लच अर्ध्यावर धरत असेल असा अंदाज मी लिहिला होता. तो अर्ध्यावर धरत नाही. माझ्या पायात मॅटाडोरचा क्लच होता, तोच मी सगळ्या गाड्यांना लावत आले. झेनला, एस्टीमला, सगळ्यांना. एकोणीस लेख लोकांनी वाचले, त्यात किती ठिकाणी मॅटाडोर असेल, देव जाणे. तिथे मला घाम फुटला तो गाडीच्या भीतीनं नव्हे.

मग रस्ता मोकळा मिळाला. तिसऱ्यात ठेवून पाय दिला. काटा पाचच्या पुढे गेला आणि कुंदन, गाणं नाहीच. मागच्या खोलीत कुणी नाही. इंजिनाचा आवाज पुढून येतो, छातीशी येतो, आणि तो आपला वाटतो. मीच काही तरी म्हणतेय असं वाटलं. तू शेजारून विचारलंस, आलं का ऐकू. मी मान हलवली. त्यातून तू हो समजलास.

परतीला मी चालवली असती, तर प्रत्येक वळणाला ती आता परत द्यायची आहे, एवढंच मनात आलं असतं. मला नुसता जाण्याचाच रस्ता हवा होता. तो पुरा मिळाला. म्हणून किल्ली दिली.

सोबत लेख आहे. खाली माझं नाव आहे. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, की आजवर या सदरात आलेल्या गाड्यांपैकी एकीतही लिहिणारी बसलेली नव्हती, आणि क्लचचं वाक्य चूक होतं. संपादकांना ते चालणार नसेल तर भांडू नकोस, लेख परत आण. छापला तर एवढंच सांग, की पुढे चालवल्याशिवाय मी लिहिणार नाही. म्हणजे बहुधा लिहिणारच नाही, ते मला समजतं. तू मात्र मला लिहीत राहा. गाडी कशी वाटली ते तुझ्या शब्दांत. 'छान' असेल तर छान. मी आता उत्तरात गाडी तयार करून पाठवणार नाही, नुसते प्रश्न विचारीन.

आता ह्यांचं सांगते. येताना नाशिकरोडला पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. निफाड गेलं. मग हे म्हणाले, की अंजनेरीहून येऊन दारात उतरलीस तेव्हा तुझा चेहरा मी ओळखला नाही. लग्नाआधीची कुणी तरी वाटलीस. मग त्यांनी विचारलं, गाड्यांचं हे असं आहे ते मला कधी का सांगितलं नाहीस. मी म्हटलं, आपल्या दारात सायकल आहे, सांगून काय करायचं होतं. ते म्हणाले, इंजिनांतच माझा जन्म गेलाय, मला कळलं असतं.

ते खरं होतं. मला ते आठ वर्षांत सुचलं नव्हतं.

गाडी आपल्याला घेता येणार नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. लासलगाव गेलं. मग त्यांनी विचारलं, ही झाली, आता मनात कुठली आहे. मी म्हटलं, एक ऑक्टाव्हिया म्हणून येतेय. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, इंजिनापासून सांग.

मनमाडला सगळा डबा उतरला तरी माझं सांगून झालं नव्हतं.

दूर असले तरी जवळची समज, एवढं मागून थांबते.

तुझी
ताई