रांगण्यावरचा गूळ

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. श्रेणिक यास,
जय जिनेंद्र. अनेक आशीर्वाद.

फोन केला की डोंगरात रेंज नाही म्हणून ठेवतोस. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या बायकोने, प्राचीने, तुझे फोटो पाठवले. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि पोट तुझ्या आधी गडावर पोचलेलं. छप्पन वर्षांत घराचा जिना धड चढला नाहीस, काजूच्या कारखान्यात खुर्चीवर बसून मधुमेह कमावलास, आणि आता दोन वेळा इन्सुलिन टोचून गड सर करायला निघालास. शिरोलीच्या फाउंड्रीतला तो पिराजी तुम्हाला नेतो म्हणे. तो भट्टीपुढे उभा राहणारा गडी, तू पंख्याखाली बसणारा. त्याची बरोबरी कशाला करतोस?

आणि चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर नियम घेतलास, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. तुझ्याच्याने कुठला नियम टिकलाय? पाय लटपटले की पहिला तोच मोडशील, असं मी प्राचीला सांगून ठेवलंय.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू बघ.
तुझी अक्काताई

आजरा
२३ नोव्हेंबर

ती. अक्काताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात वाचून दाखवलं. काजू सोलणाऱ्या बायका पोट धरून हसल्या.

डॉक्टर स्वतः म्हणाले, खुशाल चढा. फक्त त्या दिवशी डोस कमी करा, दर दोन तासांनी खा, साखर तपासा आणि ग्लुकोज खिशात ठेवा. माझी तीन महिन्यांची साखरेची सरासरी नऊवरून सातवर आली. तू मात्र चार पायऱ्या चढलीस की गुडघ्याला तेल चोळत बसतेस आणि आम्हाला शिकवतेस.

आठ डिसेंबरला रांगणा गड करतोय. नियमाचं म्हणशील, तर या वेळी तुझं तोंड बंदच करतो.

लोभ कमी केलास तरी चालेल, टोमणे वाढवू नयेत.
तुझा श्रेणिक

आजरा
१० डिसेंबर

ती. अक्काताईस,
सा. न. वि. वि.

घे, तुझं भाकीत खरं झालं. उतरताना वाट चुकली. सूर्य मावळला तेव्हा आम्ही जंगलातच होतो. माझे हात थरथरायला लागले, घाम फुटला. साखर तपासली, यंत्रावर आकडा अठ्ठेचाळीस. पिराजी म्हणाला, खिशातलं ग्लुकोज खा. मी म्हटलं, नियम आहे. डोक्यात तुझं पत्र होतं, खोटं कशाला बोलू.

पुढचं मला धड आठवत नाही. त्याने म्हणे मला मांडीवर घेतलं आणि गूळ ओला करून बोटाने हिरड्यांना चोळला. वर म्हणाला, पावणं, पाप लागलं तर माझ्या नावावर लिवा, पर गिळा.

शुद्धीवर आल्यावर त्याला नको ते बोललो. पाच महिने पाळलेला नियम त्या गुळवाल्याने एका बोटाने घालवला. त्याचा फोनही आता घेत नाही.

तू जिंकलीस, आता तरी गप्प बस.
श्रेणिक

कोल्हापूर
१३ डिसेंबर

चि. श्रेणिक,

मूर्खा, तुझं पत्र हातात पडलं आणि मी तशीच घराबाहेर पडले.

महाराज सध्या इचलकरंजीला आहेत. जाऊन विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसाला औषधाची सूट असते हे नियम देतानाच सांगितलं होतं, आणि त्या वेळी साखर हेच तुझं औषध. तू पुढच्या रांगेत होतास, मी तुझ्या मागे. तू ऐकलं नाहीस; मी ऐकून विसरले आणि तुला टोचायला बसले.

परत येताना शिरोलीला उतरले. पिराजी पाळी संपवून बाहेर पडत होता. मी गेटवर, चार लोकांदेखत, त्याच्या पाया पडले. तो गडबडला, म्हणाला, मावशी, आसं करू नगासा, मला पाप लागंल. माझ्या भावाला गूळ चारताना हा पापाला घाबरला नव्हता.

त्याला आजच फोन कर आणि माफी माग. तू आधी तुझी माग, मग माझ्या टोमण्यांबद्दल माझीही माग.

तुझा जीव त्या जंगलात गेला असता, तर समाजाने तुला धर्मात्मा म्हणून मिरवलं असतं. मीही पांढरं लुगडं नेसून सांगत फिरले असते की माझ्या भावाने नियम पाळला. त्याला तो पाळायला कुणी लावलं, हे मात्र मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं.

जिवंत राहा, मग हवा तेवढा राग धर.
तुझी अक्का