चुन्याखालचा चेहरा

मी, मन्मथअप्पा वीरभद्रअप्पा कोरे, वय ७६, धंदा पूर्वी टॉकीजचा ऑपरेटर, राहणार सेलू, जि. परभणी, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो ऐसाजे :

१. स्टेशनरोडमागचं माझं स्वकष्टार्जित दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव मुलगा शंभुराज व मुलगी अनुपमा यांना निम्मी निम्मी. शंभुराज, तू नाराज होशील. पण तुझ्या आईचं शेवटचं दुखणं तुझ्या ताईनं काढलं, हे तुलाही ठाऊक आहे.

२. टॉकीज बंद झालं तेव्हा मालकांनी निरोपादाखल दिलेला प्रोजेक्टर, फिल्म जोडायची पट्टी व कात्री नात भक्ती हिला. त्या भिंगातून मी एकतीस वर्षं मोठमोठे नट-नट्या पडद्यावर धाडले. नायक दिसला की खाली शिट्ट्या, नायिका रडली की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना. भंगारवाल्याला देऊ नये.

३. आता दिनकररावांबद्दल. ते आमच्या टॉकीजचे पेंटर. त्यांच्याशी मी पंचेचाळीस वर्षं बोललो नाही. कारण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी पत्नी गंगम्मा रोज दुपारी डबा घेऊन केबिनमध्ये यायची. मी जेवेपर्यंत ती झरोक्यातून सिनेमा बघायची. दर सिनेमाची तेवढीच मधली पंधरा मिनिटं. पुढचं-मागचं ती मनानं जुळवायची आणि मला विचारायची, “आसंच हाय ना ओ?” बहुतेक वेळा तिची गोष्टच जास्त चांगली असायची.

१९७८ साली एका गाजलेल्या नायिकेचा सिनेमा लागणार होता. छापील पोस्टरं आली नाहीत. दिनकररावांनी मोठ्या कापडावर बोर्ड रंगवला. त्यांच्याजवळ नायिकेचा एक पुसट फोटो होता. डोळे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी जिन्यात दिसणाऱ्या गंगम्माचे डोळे काढले. हनुवटीवरचा तीळसुद्धा. बोर्ड चौकात लागला आणि लोक मला विचारू लागले, “अप्पा, वैनी कधीपासून पिच्चरमधी?”

मी शिडी लावून त्या चेहऱ्यावर चुना फासला. आठवडाभर तो सिनेमा बिनचेहऱ्याच्या नायिकेवर चालला.

घरी गंगम्मा भांडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, “मला लय आवडलं होतं.” दुसऱ्या दिवसापासून डबा शेजाऱ्यांच्या हाती यायला लागला. ती पुन्हा कधी केबिनमध्ये आली नाही आणि मीही तिला ये म्हणालो नाही. ही माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक.

२०२३ साली ती गेली. तिच्या आराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी दिनकरराव काठी टेकत आले. बगलेत कापडाची गुंडाळी होती. तो बोर्ड त्यांनी इतकी वर्षं जपला होता आणि ओल्या फडक्यानं हळूहळू चुना उतरवला होता. चोवीस वर्षांची गंगम्मा माझ्याकडे बघत होती. त्या वयातला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

“तुला इचारायला पायजे होतं, अप्पा,” ते म्हणाले.

“मी न्हाईच म्हणलो असतो,” मी म्हणालो. “तिला इचारायचं होतं. आपण दोघांनीबी.”

मग आम्ही दोघं म्हातारे तिच्यासमोर बसून रडलो.

४. सदर चित्र अनुपमाला. ते आतल्या खोलीत ठेवू नये. ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावावं. दिनकररावांना ते बघायला कधीही येता यावं. त्यांना चहा विचारावा.

५. मला माती दिल्यावर सोयीच्या एखाद्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात माझ्या काळचा एखादा सिनेमा लावावा. निवड भक्तीची. एकही गाणं पळवू नये. बायकांना पुढच्या खुर्च्या द्याव्यात.

हा लेख वाचून साक्षीदार सिद्धोधन गुरुजी म्हणाले, “अप्पा, कायद्याला एवढं लागत न्हाई.”

मी म्हणालो, “कायद्याला न्हाई गुरुजी, मला लागतं.” तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि पेन मागितलं.

ठिकाण : सेलू
दिनांक : १२ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार : मन्मथअप्पा वीरभद्रअप्पा कोरे (सही)

साक्षीदार :
१. सिद्धोधन गुरुजी, निवृत्त शिक्षक, सेलू (सही)
२. बन्सीधर, किराणा दुकानदार, सेलू (सही)