तुमच्या गवंड्याचं शेवटचं प्रकरण

प्रिय अहो,

पत्राच्या मायन्यात असं कुणी लिहीत नाही, माहीत आहे. पण अडतीस वर्षं हीच हाक मारली, आता नावानं काय मारू? मागच्या रविवारी वर्षश्राद्ध झालं. गुरुजी पुण्याहून झूमवर होते, आपली ऋचा रेडमंडहून आली होती, आज सकाळी परत गेली. परवा संपादकबाईंची मेल आली. तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण महिनाअखेरपर्यंत हवं, नाहीतर ते प्रकाशनाच्या यादीतून निघेल. दमलेय हो मी. पण तुमच्याशी भांडल्याशिवाय ते प्रकरण माझ्या हातून होणार नाही.

सतरा वर्षं चाललंय हे चरित्र! अठराव्या शतकातला एक स्कॉटिश आर्किटेक्ट आणि त्याच्या मागे लागलेले तुम्ही, इथले श्रूजबरीतले स्ट्रक्चरल इंजिनिअर. सुट्टीत कुठे जायचं सुचेना म्हणून स्कॉटलंडमध्ये त्यानं बांधलेलं एका जमीनदाराचं घर बघायला गेलो. मी चहा शोधत होते आणि तुम्ही जिन्याखाली वाकून दगडांचे सांधे बघत होतात. तिथेच घात झाला.

त्या आर्किटेक्टचा बाप गवंडी, म्हणून मी त्याला 'तुमचा गवंडी' म्हणायचे. तुम्हाला राग यायचा. त्याची छपरं गळायची, पण तुमच्या मते चूक त्याची नव्हेच, जमीनदारानं शिशाचा पत्रा पातळ दिला म्हणून! आणि आपल्या गॅरेजच्या छपराखाली दर हिवाळ्यात बादली कोण ठेवायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुमचं गिचमिड अक्षर टाइप करता करता तो माझ्याही ओळखीचा झाला. पहिल्याच घराचं धुराडं सगळा धूर दिवाणखान्यात सोडायचं. मालकीणबाईंनी त्याला जेवणाच्या टेबलावरून उठवून स्वयंपाकघरात जेवायला पाठवलं. पुढे तीच माणसं त्याला घोडागाडी पाठवून बोलावू लागली. मग इटली बघून आलेली तरुण आर्किटेक्ट मंडळी आली, फॅशन बदलली, आणि ह्याच्या वाट्याला उरले तबेले आणि कबुतरखाने. ते प्रकरण तुम्ही सगळ्यात छान लिहिलंत. घोड्याला मान खाली घालायला लागू नये म्हणून त्यानं तबेल्याचं दार उंच ठेवलं, त्या ओळीला मी टाइप करायची थांबले होते. तुम्हाला सांगितलं नाही कधी. सांगायला हवं होतं.

आणि तिथेच तुम्ही थांबलात. तीन वर्षं! विचारलं की म्हणायचात, "अगं, अजून एका तबेल्याचे कागद बघायचेत." गवंडी काही मरेना. ऋचा हसायची, "बाबा, ही हॅज टू डाय. इट्स अ बायोग्राफी!" तुम्ही चष्मा पुसत बसायचात.

काल बेसमेंटमध्ये तुमचं शेवटचं फोल्डर उघडलं. गवंड्याच्या मुलीनं भावाला लिहिलेल्या पत्राची नक्कल होती. वडील अंथरुणावर पडूनही तबेल्याच्या छपराबद्दलच बोलत राहतात, असं ती लिहिते. एका संध्याकाळी तिनं सरळ विचारलं, भीती वाटते का? तो हो म्हणाला. खूप रडला, आणि मग कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. समासात पेन्सिलीनं तुमचं अक्षर: 'नंतर बघू.'

कधी बघणार होतात?

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर खोलीबाहेर गेले की तुम्ही मला जुन्या छपरांविषयी समजावून सांगायला लागायचात. हात थंडगार आणि तोंडानं उतार किती, लाकूड कुठलं. मला कळत होतं हो. आणि मी काय विचारलं? "मग बर्फाचं वजन ते कसं धरायचे?" तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारलं, असं वर्षभर स्वतःची समजूत घालतेय. खोटं आहे ते. तुम्ही 'हो, भीती वाटते' म्हणाला असतात तर पुढे काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. म्हणून बर्फ!

आज विमानतळावर ऋचा म्हणाली, "आई, ते लेटर स्किप कर ना. जस्ट लिहून टाक, ही डाइड पीसफुली. बाबांना पण तेच चाललं असतं."

चाललं असतं. म्हणून तर राग येतो तुमचा. आणि माझाही.

तर ऐका. ह्या महिन्यात तुमचा गवंडी मरेल, शब्द देते. पुस्तकावर नाव तुमचंच राहील. पण त्या मुलीचा प्रश्न मी घालणार, बापाचं उत्तर घालणार, त्याचं रडणंही घालणार. एवढी घरं बांधलेला माणूस शेवटी घाबरला, ह्यात कमीपणा कसला?

आणि ते पाठवून झालं की तुमच्या टेबलाशी बसून मोठ्यानं विचारणार आहे, अहो, भीती वाटत होती का? उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. पण ह्या वेळी मी विषय बदलणार नाही.

तुमचीच,
सुधा