बाळाला गुंडाळलं कोणी?

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे असं लिहितेस, पण ओळी सगळ्या उजवीकडे घसरल्या आहेत. म्हणजे पुन्हा पलंगावर लोळत लिहिलंस. मी नुसता पाद्री असलो तरी एवढं मला कळतं.

इकडे नाताळच्या नाटकाची धांदल सुरू झाली आहे. दिग्दर्शन नेहमीप्रमाणे तुझ्या भावजयीकडे. यंदा सात मुलांना राजा व्हायचंय आणि मेंढरू व्हायला एकही तयार नाही. ती वैतागून मला विचारायला आली की राजे तीनच होते असं कुठे लिहिलंय का. मी बायबल उघडून बघितलं. आकडा नाहीच, आणि ते राजेही नाहीत! पूर्वेकडचे ज्ञानी लोक, एवढंच. भेटी तीन होत्या म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. तिने तिथल्या तिथे सातही जण घेऊन टाकले.

मला मात्र चाळाच लागला. त्या जोडप्याला जागा नाकारणारा उतारशाळेचा तो खडूस मालक, ज्याच्यावर आपण लहानपणी दात-ओठ खायचो, तो मुळात नाहीच. ज्याला उतारशाळा म्हणतात तो शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो म्हणे. बैल नाही, गाढव नाही, डिसेंबर महिना नाही. आणि वर्ष मोजणाऱ्या जुन्या साधूची बेरीज चुकली, त्यामुळे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तापूर्वी चार-पाच वर्षं झाला! हे मी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की वर्षाचं तुम्ही काय वाटेल ते करा, पण गाढवाला हात लावू नका, त्यांच्या यजमानांनी त्याचे कान शिवून ठेवलेत.

नाताळच्या आधीच्या रविवारी यावरच बोलावं म्हणतो. तुला तुझ्या धंद्यातला प्रश्न: दिवस भरलेली बाई चार-पाच दिवस पायी चालेल का? गाढव रद्द झालंय हे लक्षात ठेव.

गुडघ्याला जप. माझ्यावरचा राग असेल तर थोडा, लोभ मात्र पुरता ठेव.

तुझा,
धाकटा

---

२७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

पलंगावर नाही, आरामखुर्चीत बसून लिहिलं होतं. पाद्रीबुवांचा अंदाज चुकला.

चालेल की! चाळीस वर्षं बाळंतपणं केली मी. दिवस भरलेल्या बायका काय काय करून येतात ते तुला सांगितलं तर तुला घेरी येईल. एक बाई जिना रंगवता रंगवता आली होती, हाताला हिरवा रंग तसाच. तेव्हा ती चालली असेल. पाय सुजले असतील, आणि नवरा दर कोसाला विचारत असेल की दुखतंय का. हे लिहिलेलं नसलं तरी माझ्याकडून घे.

पण माझा प्रश्न दुसराच आहे. तुझं पत्र आल्यावर मीही बायबलातल्या जन्माच्या दोन्ही हकिकती काढून वाचल्या. लिहिलंय की तिनेच बाळाला कापडात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. पहिलटकरणीने? अरे, पहिल्या बाळंतपणानंतर बाईचे हात असे थरथरतात की पाण्याचा पेला धरवत नाही. नाळ कोणी बांधली? एक तर तिथे खरंच कोणी नव्हतं, आणि मग फार वाईट वाटतं मला. नाहीतर कोणीतरी बाई होती आणि लिहिणाऱ्याने तिला धरलंच नाही. आमच्या दवाखान्यातही दाखल्यावर आईचं नाव, बापाचं नाव, डॉक्टरांचं नाव. रात्रंदिवस उभी राहणारीचं नाव कुठेच नाही.

आणखी एक गंमत. एक हकिकत सगळी बापाच्या बाजूची आहे. त्याला स्वप्न पडलं, तो उठला, त्याने ठरवलं. दुसरी आईच्या बाजूची. एकाने बापाला विचारून लिहिलं आणि दुसऱ्याने आईला, मग मेळ बसणार कसा? आपल्याच घरात बघ ना, तुझ्या जन्माची बाबांची हकिकत एक आणि आईची दुसरी.

सुनेने वाफ घ्यायला लावलीय, तिकडे जाते. भावजयीला आशीर्वाद, आणि सातही राजांना.

तुझीच,
ताई

---

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाळेचा प्रश्न मी भाषणात घेणार. जन्माच्या वेळी शिरगणतीचा अधिकारी आणि तो क्रूर राजा दोघंही होते असं लिहिलंय, पण इतिहासात दोघांत दहाएक वर्षांचं अंतर पडतंय, ते कसं बुजवायचं यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होतो. आणि नाळ कोणी बांधली हे तीस वर्षांत माझ्या मनातही आलं नाही.

पण शेवटी तू जे सहज टाकून गेलीस त्याने मी अडखळलो. माझ्या जन्माची आईची हकिकत? मला तर एकच माहीत आहे. दर वाढदिवसाला बाबा सांगायचे ती. कळा सुरू झाल्या, बाबांनी सायकल काढली, डॉक्टरांना पुढच्या दांडीवर बसवून आणलं, आणि डॉक्टरांनी अगदी वेळेवर मला जगात आणलं. आई काय सांगायची? मी आठवायला बसलो तर एवढंच आठवलं की बाबा ही गोष्ट सुरू करायचे तेव्हा आई भांडी आवरायला उठायची.

तू दहा वर्षांची होतीस, घरात होतीस. आता दोघंही नाहीत. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, मला झेपेल. सांग.

वाट बघतोय. लोभ कमी झाला तरी चालेल, पत्र लांब हवं.

तुझा,
धाकटा

---

८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तीन दिवस कागद पुढे घेऊन बसले होते. आता लिहिते.

बाबा सायकल घेऊन गेले हे खरं. डॉक्टर आले हेही खरं. पण ते आले तेव्हा तू जन्मून अर्धा तास झाला होता.

भर दुपार होती. बाबा बाहेर पडले आणि थोड्याच वेळात आईला कळलं की तू काही थांबत नाहीस. तिने मला सांगितलं की भिंतीपलीकडच्या इस्त्रीवाल्या मावशींना बोलाव; आसपासची बाळंतपणं त्या करायच्या. मी तशीच उभी. कारण सांडपाण्याच्या गटारावरून बाबांचं आणि मावशींच्या नवऱ्याचं तीन महिने वाजलं होतं, आणि त्या घराशी बोलायचं नाही असा आम्हाला हुकूम होता. आई म्हणाली की बाबांचं मी बघते, तू पळ.

मावशींनी एक शब्द विचारला नाही. इस्त्री उभी केली, गिऱ्हाइकाच्या इस्त्री केलेल्या दोन चादरी काखेत मारल्या आणि माझ्या पुढे धावल्या. मला पाणी तापवायला लावलं, मग आईचा हात धरायला. मी डोळे गच्च मिटले होते, ते त्यांनी उघडायला लावले. बघून ठेव, कामाला येईल, असं म्हणाल्या. पुढे मी जे शिकले त्याची सुरुवात तिथली. तुझी नाळ त्यांनी बांधली, तुला त्या चादरीत त्यांनी गुंडाळलं.

मग बाबा आणि डॉक्टर आले. डॉक्टरांनी नाळ बघितली आणि विचारलं की ही कोणी बांधली. कोणीच बोललं नाही. मावशी हात धुऊन निघाल्या. बाबा दारात होते, ते बाजूला सरकले, पण तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी लोक पेढे मागायला आले तेव्हा बाबांनी डॉक्टर वेळेवर पोचल्याचं सांगितलं. आई आतून ऐकत होती.

पुढे तिने मला बजावलं की ते स्वतः एक दिवस सांगतील, त्यांच्याआधी तू सांगू नकोस. त्यांनी सांगितलं नाही. बाबा वाईट नव्हते रे. पहिल्या दिवशी लाज वाटली, आणि नंतर इतक्यांदा सांगून झालं की त्यांना तेच खरं वाटायला लागलं असणार. वर्षाच्या आत मावशी घर सोडून गेल्या.

आता मुख्य गोष्ट. त्या आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की त्या लेकीकडे असतात, तुझ्याच गावात, पोस्टामागच्या लाँड्रीत. मीच तेव्हा यायला हवं होतं. नाही आले. मलाही लाज वाटली. शेवटी बाबांचीच मुलगी मी.

तू जा. रागावला असशील तर आधी जाऊन ये, मग रागाव.

तुझी,
ताई

---

२१ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. तुझं पत्र चारदा वाचलं, एवढंच.

आधी बाकीचं उरकतो. काल भाषण झालं. दहा वर्षांचं अंतर मला बुजवता आलं नाही, तसं सांगून टाकलं. नाळेचं बोललो तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका एकदम ताठ बसल्या. ऑर्गनवाल्या बाईंनी नंतर मला गाठून सांगितलं की गाढव राहणार असेल तर सुईणीला त्यांची हरकत नाही. सात राजांपैकी एका मुलीने मुकुट परत केला आणि ती सुईण झालीय. तू नाताळला ये. गाडीत बसवायचं काम सुनेकडे, उतरवून घ्यायचं माझ्याकडे.

शनिवारी सकाळी पोस्टामागे गेलो. खोली लहान, कपड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. लेक इस्त्री करत होती आणि मावशी खिडकीशी बसून शर्टांची बटणं तपासत होत्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, कान गेलेत, बोटं शाबूत. मी कोण ते लेकीने ओरडून सांगितलं तरी कळेना. मग मी गुडघ्यावर बसून, त्यांच्या कानाशी जाऊन तुझं नाव घेतलं, आईचं घेतलं, गटाराचं सांगितलं. त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला.

मी आभार मानायला गेलो होतो, ताई. वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी ती ऐकलीच नाहीत. त्यांनी विचारलं की डावा हात वर होतो का.

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. मी अडकलो होतो, त्यांना मला जोरात ओढावं लागलं, आणि तेव्हा माझ्या डाव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलेलं त्यांनी ऐकलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. बाबांनी तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा त्या धरून चालल्या की पोराचं हाड मोडलं, आणि म्हणून आपल्या घरातलं कोणी बोलत नाही. घर सोडलं तेही त्यामुळे. पुन्हा कोणाच्या बाळंतपणाला त्या गेल्या नाहीत. सत्तावन्न वर्षं.

मी सांगायला लागलो की बाबांच्या गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि म्हणाल्या की आधी वर कर.

मी उभा राहिलो आणि डावा हात वर केला. त्यांनी खूण केली, आणखी. मी पार वर नेला, बोटं छताच्या पंख्याजवळ गेली. मग म्हणाल्या की दोन्ही. मी दोन्ही वर केले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि दोन्ही हात एका उंचीवर आहेत का ते एकदा या टोकापासून आणि एकदा त्या टोकापासून बघून घेतलं. लेकीने इस्त्री उभी करून ठेवली होती. मावशी खाली घे म्हणेपर्यंत मी तसाच उभा होतो.

लवकर ये. लोभ समोर बसून करू.

तुझा,
धाकटा