चेरोनो बसते

केरिचो,
१६ ऑक्टोबर १९८१

चि. चेपकेमोई हिला आईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी खुशाल, तिकडे नैरोबीत तूही वेळेवर जेवत असशील. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. प्रौढांच्या वर्गातल्या बाई म्हणतात, म्हातारीचा हात आता कुठे वळायला लागलाय.

पांढरी गाय व्यायली. कालवड झाली. तासाभरात चारी पायांवर उभी. बघता बघता मला रडूच आलं. वय झालं, दुसरं काय.

तुझी चेरोनो भारी लबाड आहे. मुरसिकच्या आंबट दुधाची चव लागल्यापासून साध्या दुधापासून तोंड फिरवते. हसते तर अशी, की दाणे टिपणाऱ्या कोंबड्या थबकतात.

तिच्या बसण्याचं मी तुला दर पत्रात लिहिलं. पाचव्या महिन्यात कोठाराच्या सावलीत तिला बसवायला खड्डा खणला, तू बसायला शिकलीस तिथेच. भोवती जुनी कापडं खोचली. तू तीन आठवड्यांत खड्ड्याबाहेर बसलीस. ही आपली आतच रमली. कलायला लागली म्हणून कमरेपर्यंतचा खड्डा मी बरगड्यांपर्यंत केला. मग काखेपर्यंत. आता चौदा महिन्यांची आहे.

मंगळवारी शेजारची ताबुतानी आली. म्हणाली, "अगं, नातीला बसवलीयस की पेरलीयस?"

म्हटलं, "तुझ्या पोरांपेक्षा ताठ बसते."

"मग काढ की बाहेर."

काढली. गवतावर ठेवली. ओल्या फडक्यासारखी एका अंगाला गेली. ताबुतानीने तिला उचलून परत खड्ड्यात ठेवली, ते मला जास्त लागलं.

बुधवारी पाठीला बांधून दवाखान्यात नेली. नर्सबाईंनी हात धरून तिला उठवलं, मान मागेच राहिली.

"आजी, इतके महिने कळलं कसं नाही?"

"बसत होती ना."

"कशाच्या आधाराने?"

नर्सबाई म्हणाल्या, सहाव्या महिन्यात आणली असती तर बरंच काही करता आलं असतं. चालेल का, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं.

कळलं नव्हतं असं नाही, पोरी. मांडीवर उभी धरायचे तेव्हा पाय टेकवायचीच नाही. पण पत्र लिहायला घेतलं की हात 'बसते' असंच लिहायचा. तुझं शिवणकामाचं शिक्षण मोडेल, असं मनाला सांगायचे. तेही खरं नव्हे. सात पोरं मी बसवली. आठवं बसत नाही, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

काल खड्डा बुजवायला फावडं घेतलं. ती आतून माझ्याकडे बघून खुदकन हसली. नाही बुजवला. तिथून तिला वासरू दिसतं.

डिसेंबरात येशील तेव्हा फाटकातूनच ती ताठ बसलेली दिसेल. फसू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिला उचलताना मात्र मानेखाली हात घाल, तान्ह्या बाळाला घालतात तसा.

खड्डा खोल करत गेलेली,
तुझी आई