दाब

ता. ११ जाने. १९५४
गोरेगावचा बाजार. टपावर धानाची पोती चढवता चढवता उशीर झाला. आत निम्मे लोक गोंदियाला मेल गाठणारे. मालकाने सकाळीच बजावलं होतं, यांची गाडी चुकली तर उद्यापासून लोक दुसऱ्याच्या मोटारीत बसतील. कंडक्टर सीताराम दारात उभा राहून सारखा मागे लागलेला, दाब, दाब. म्हणजे रेस दाब, वेग वाढव. इतकी वर्षं एका मोटारीवर आहोत, रस्त्यात त्याचं एवढंच बोलणं.

वळणावर बकरी आडवी आली. तिच्यामागे एक बाई धावली. सीताराम ओरडला, "दाब!"

मी दाबली. रेस.

पुढचं आज लिहवत नाही.

ता. १२
बाईचं नाव फुलवंता. जिवंत आहे. गोंदियाच्याच दवाखान्यात. डावा पाय चाकाखाली गेला. ब्रेक मी नंतर दाबला, इतका की टपावरची पोती खाली आली. म्हणजे ब्रेक चांगला होता.

सी. म्हणतो, "म्या ब्रेक दाब म्हनलो." म्हटलं, ब्रेक हा शब्द तुझ्या तोंडून आलाच नाही. तर म्हणाला, "समोर बाई दिसून राहिली तं दुसरं काय दाबाचं राहाते?"

बरोबरच आहे त्याचं. बाई मलाही दिसली होती.

ता. १४
पोलिसांत जबाब. त्याआधी मालक घरी येऊन गेले. "गलती औरत की थी, इतना ही बोलना।" मी तसं बोललो नाही. झालं तसं सांगितलं. जमादाराला ते पटेना. दाब म्हटलं म्हणून रेस कशी दाबली? शेवटी त्याने 'घाबरून' असं लिहिलं. घाबरायला तरी सवड कुठे मिळाली. खटला होईल तेव्हा होईल. लायसन अजून माझ्याकडेच.

ता. १७
फुलवंताचा पाय कापला. गुडघ्यापासून.
सौ. दोनदा ताट वाढून गेली. ताट तसंच परत पाठवलं. जगायची लाज वाटते, दुसरं काही नाही.

ता. २३
मालक म्हणतात चिचगडच्या गाडीवर ये, दुसरा माणूस नाही. आधी खात्री करावी म्हणून दुपारी अड्ड्यावर उभ्या मोटारीत बसलो. इंजिन बंद. सी.ला म्हटलं, मागून वाटेल तेव्हा ओरड. तो तयार नव्हता, मी हट्ट केला.

दाब म्हणाला. पाय रेसवर. पुन्हा म्हणाला. पुन्हा रेसवर. मग त्याला नुसतं 'ब्रेक' म्हणायला सांगितलं, तर पाय जागचा हललाच नाही. खटला होईल तेव्हा, हे आजचं. हा पाय माझा आणि माझंच ऐकत नाही.

सी. खाली उतरून बिडी ओढत बसला. माझ्याकडे बघेना.
मालकांना बरं नाही म्हणून कळवलं. किती दिवस कळवणार

ता. ४ फेब्रु.
आज हिय्या करून दवाखान्यात गेलो. फुलवंताचा नवरा दसरू व्हरांड्यात बसला होता. शिव्या देईल, मारेल, तयारीनेच गेलो होतो. त्याने बस म्हटलं. परवा तिला घरी सोडणार आहेत.

"बैलबंडीत हादरे बसतेत तिले. तुमच्या मोटारीनं न्या."

म्हटलं, मालकांना सांगून दुसरा ड्रायव्हर देतो.

"दुसरा कायले? तो बी टाईमच पाहीन. तुम्ही आता हळू चालवसान."

अड्ड्यावरचं त्याला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं. तेवढ्यात आतून तिने विचारलं, मोटार भेटली का. दसरू म्हणाला, "भेटली. डायवर बी तोच हाय."

मग ती म्हणाली, "येऊ दे."

मी नाही म्हटलं नाही. परवा सकाळी दवाखान्याच्या दारात मोटार लावायची आहे.